एका पडद्यासाठी दोन नकाशे : डोंगरवाट आणि दुचाकी यांसाठी जीपीएसचे नकाशे निवडताना

हातात धरायच्या जीपीएस यंत्राचा पडदा साधारण साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि चार-साडेचार सेंटिमीटर उंच असतो. १:५०,००० या प्रमाणावर त्यात जेमतेम पावणेदोन किलोमीटर रुंद आणि सव्वादोन किलोमीटर लांब एवढाच मुलूख मावतो. त्याच प्रमाणाचा कागदी नकाशा उलगडला, तर पंचवीस-तीस किलोमीटरचा डोंगराळ भाग त्यातल्या सगळ्या धारा-ओढ्यांसकट एका नजरेत येतो. ताशी तीन किलोमीटर वेगाने डोंगर चढणाऱ्याला पडद्यावरचा पुढचा दीड किलोमीटर अर्धा तास पुरतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने दुचाकी चालवणाऱ्याचा तो नव्वद सेकंदांत संपतो. एकच यंत्र दोन्ही कामांसाठी वापरायचे ठरवून मी नकाशे निवडायला बसलो, तेव्हा हा हिशेब आधी कागदावर मांडला, आणि पुढचे बरेचसे निर्णय त्यातूनच निघत गेले.

मोबाइल असताना वेगळे यंत्र कशाला, हा प्रश्न रास्त आहे. बदलता येणारे साधे पेन्सिल सेल, भर उन्हात अधिक स्पष्ट दिसणारा पडदा, पावसात आणि हातमोजे घालूनही दाबता येणारी बटणे, एवढी कारणे मला पुरेशी वाटली. ज्याला ती पुरेशी वाटत नाहीत त्याने मोबाइल वापरावा. पुढचे पुष्कळसे विवेचन त्यालाही लागू पडेल.

पुष्कळ यंत्रांत मूळचा फक्त एक जगाचा नकाशा असतो. त्यात मोठी शहरे, महामार्ग आणि किनारपट्टी एवढेच असते. डोंगराच्या दिशेने निघाल्यावर लवकरच पडद्यावर कोऱ्या पार्श्वभूमीवरचा एक बाण उरतो. त्यावर दुसरा नकाशा चढवावा लागतो, आणि तो दोन जातींचा असू शकतो. पहिली जात व्हेक्टर नकाशाची. त्यात रस्ता म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या बिंदूंची माळ असते आणि त्या माळेला नाव, दर्जा, परवानगी असे तपशील जोडलेले असतात; ती कोणत्या रंगाची आणि किती जाड दिसावी हे यंत्र त्या-त्या वेळी ठरवते. दुसरी जात रास्टर नकाशाची, म्हणजे अक्षांश-रेखांशांवर बसवलेल्या चित्राची. चित्रातला रस्ता हा माणसाच्या डोळ्याला रस्ता असतो, यंत्राच्या लेखी ते रंगीत ठिपके असतात. म्हणून रास्टर नकाशावर यंत्र आपले स्थान दाखवू शकते, पण वळण सांगू शकत नाही. व्हेक्टर नकाशांतही ज्यांत मार्गशोधाची माहिती भरलेली आहे तेच वळण सांगतात. नुसत्या सुबक रेषा असलेला व्हेक्टर नकाशा विकत किंवा फुकट घेण्यापूर्वी ही एक गोष्ट विचारून घ्यावी.

मग मी दोन्ही कामांच्या गरजा शेजारी शेजारी लिहून काढल्या. पायी जाताना जमिनीचा आकार कळणे सर्वांत महत्त्वाचे असते : धार कुठे रुंद होते, सोंड कुठे तुटते, खिंड कोणत्या दोन उंचवट्यांच्या मध्ये आहे, ओढा कोणत्या घळीतून खाली जातो. पायवाट नकाशात असली तर उत्तमच, पण नसली तरी आकार कळत असेल तर माणूस वाट काढतो. दुचाकीवर नेमके उलटे असते. तिथे जमिनीचा आकार रस्ता बांधणाऱ्यांनी आधीच सोडवून ठेवलेला असतो. पुढच्या फाट्यावर डावीकडे की उजवीकडे, रस्ता पुढे जोडलेला आहे की एखाद्या शेतात संपतो, डांबर कुठे संपते आणि इंधन कुठे मिळते, एवढे कळले की पुरे. ताशी साठच्या वेगात दोन सेकंद पडद्याकडे पाहणे म्हणजे तेहतीस मीटर रस्ता न पाहता कापणे. त्या दोन सेकंदांत वाचून होणार नाही असे काहीही पडद्यावर नसावे, हा निकष मी दुचाकीच्या नकाशासाठी ठरवला.

पायी चालण्याच्या नकाशात सगळे घोडे समोच्च रेषांपाशी, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांपाशी अडते. रेषा जितक्या दाट तितका नकाशा चांगला, असे सहज वाटते. म्हणून उंचीच्या दर दहा मीटरला आणि दर वीस मीटरला रेषा असलेले दोन नकाशे मी एकाच भागासाठी घेतले आणि एका उभ्या उतारावर दोन्ही उघडले. माझ्या यंत्राच्या पडद्यावर साडेतीन सेंटिमीटरांत २४० पिक्सेल आहेत. पंचेचाळीस अंशांच्या उतारावर दहा मीटर उंची वाढते तेव्हा आडवे अंतरही दहाच मीटर जाते. १:५०,००० प्रमाणावर ते ०.२ मिलिमीटर होते, म्हणजे दीड पिक्सेलही नाही. परिणामी तो सगळा उतार पडद्यावर तपकिरी डाग झाला, आणि त्या डागाखाली पायवाट, ओढा, पाण्याची खूण सगळे दिसेनासे झाले. वीस मीटरच्या रेषांमध्ये पावणेतीन पिक्सेलांची जागा राहिली आणि नकाशा एक पायरी मोठा केल्यावर ती दुप्पट झाली. दर शंभर मीटरची रेषा जाड असेल आणि तिच्यावर उंचीचा आकडा असेल, तर वीस मीटरचे अंतर डोंगराळ भागात पुरते. किंचित उंचसखल माळरानावर दहा मीटरच्या रेषा बऱ्या, हे मात्र मान्य केले पाहिजे.

वीस मीटरच्या रेषांचा धोकाही समजून घ्यावा. दोन रेषांच्या मध्ये बसणारा अठरा मीटरचा सरळ कडा अशा नकाशावर अजिबात न दिसण्याची शक्यता असते, आणि अठरा मीटर उतरायला दोर लागतो. पण खरी मर्यादा रेषांच्या अंतरापेक्षा त्यांच्या मूळ मोजणीत असते. मोफत नकाशांतल्या पुष्कळशा समोच्च रेषा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने केलेल्या मोजणीवरून काढलेल्या असतात. एसआरटीएम या नावाने ओळखली जाणारी ही मोजणी ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातल्या जमिनीची आहे. तिच्यात विषुववृत्ताजवळ सुमारे तीस मीटरच्या प्रत्येक चौकोनाला एक उंची दिलेली असते आणि पूर्वी सर्वत्र वापरली जाणारी आवृत्ती तर नव्वद मीटरच्या चौकोनांची होती. चौकोनाला एकच उंची असल्यामुळे कड्याचा माथा आणि पायथा यांच्या मधली उभी भिंत कागदावर तिरप्या उताराची होते. पंधरा मीटर रुंदीची नाळ, जिच्यातून प्रत्यक्षात चढायची वाट असते, ती चौकोनात विरघळून जाते. रडार तिरके पाहत असल्याने अरुंद, खोल दऱ्यांत काही जागा सावलीत राहिल्या आणि तिथली उंची नंतर इतर साधनांवरून किंवा आजूबाजूच्या आकड्यांवरून भरली गेली. दाट जंगलात रडारचा परतलेला संदेश जमिनीपेक्षा झाडांच्या शेंड्यांकडे झुकतो.

हे सगळे वाचून माहीत असणे वेगळे आणि पाहणे वेगळे. म्हणून मी माझ्या पायाखालच्या, चांगल्या ओळखीच्या एका कातळकड्याची निवड केली आणि मिळतील तेवढे नकाशे त्या एकाच जागी उघडून पाहिले. नव्वद मीटरच्या माहितीवरून काढलेल्या नकाशात तिथे चढता येईल असा उतार दिसत होता. तीस मीटरच्या माहितीत रेषा एकमेकींजवळ सरकल्या होत्या, पण भिंत अजूनही भिंत दिसत नव्हती. प्रत्यक्ष जमिनीवर किंवा विमानातून मोजणी करून छापलेल्या सरकारी भूनकाशात मात्र तिथे कड्याची वेगळी खूण होती. तेव्हापासून उपग्रहाच्या किंवा अंतराळयानाच्या माहितीवरून काढलेल्या समोच्च रेषा जिथे एकमेकींना जवळजवळ चिकटतात, तिथे कडा आहे असेच धरून मी वाट आखतो. तिथे गेल्यावर उतार निघाला तर आनंदच आहे. नकाशा निवडताना तो कोणत्या मोजणीवरून काढला आहे ही माहिती देणाऱ्याला मी झुकते माप देतो. ती दडवून नुसते रंगीत छायांकन दाखवणारा नकाशा कितीही देखणा असला तरी त्यावर भरवसा ठेवणे कठीण जाते.

सरकारी भूनकाशा इतका चांगला, तर तोच यंत्रात का घालू नये? घातला. छापील नकाशाची प्रत ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके घेऊन, स्कॅन केली, की १:५०,००० प्रमाणावर एक पिक्सेल सव्वाचार मीटर जमीन व्यापतो. यंत्र असे चित्र १०२४ गुणिले १०२४ पिक्सेलांच्या तुकड्यांत वाचते आणि बऱ्याच जुन्या यंत्रांत अशा शंभर तुकड्यांची मर्यादा असते. हिशेब केला तर एक तुकडा सव्वाचार-साडेचार किलोमीटरचा आणि शंभर तुकडे मिळून सुमारे त्रेचाळीस किलोमीटर बाजूचा चौकोन होतो. एका डोंगररांगेच्या भटकंतीला तो पुरेसा आहे, दुचाकीच्या एका दिवसालाही नाही. चित्र अक्षांश-रेखांशांवर बसवताना मूळ नकाशाचा डेटम, म्हणजे पृथ्वीच्या आकाराविषयीचे त्याचे गृहीत, पाहावे लागते. जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ हा डेटम वापरते. जुने छापील नकाशे अनेक देशांत वेगळ्या गृहीतांवर काढलेले आहेत. दुर्लक्ष केले तर सगळा नकाशा शंभर-दोनशे मीटर सरकतो, आणि जपानच्या जुन्या टोकियो डेटमच्या बाबतीत हा फरक चारशे मीटरांहून अधिक भरतो. धारेवरून चालताना स्वतःला दरीत पाहायचे नसेल, तर कोपऱ्यांवरचे आकडे रूपांतरित करूनच चित्र बसवावे आणि मग मध्यभागातल्या एखाद्या पक्क्या खुणेवर ते ताडून पाहावे.

अशा चित्राचा पडद्यावरचा अनुभव मात्र मिश्र आहे. कागदावर वाचण्यासाठी काढलेली अक्षरे यंत्रावर एक तर मुंगीएवढी होतात किंवा मोठी केल्यावर पसरतात, आणि नकाशा सरकवला की पडदा पुन्हा भरायला वेळ लागतो. शिवाय जुन्या मोजणीत डोंगर बरोबर असतात आणि रस्ते कालबाह्य झालेले असतात. म्हणून स्कॅन केलेला नकाशा मी कायम वापरायचा नकाशा म्हणून ठेवला नाही. ज्या दिवशी कड्यांतून वाट काढायची असते त्या दिवसापुरता तो सुरू करतो आणि बाकीच्या वेळी कागदी प्रतच पाठपिशवीत असते.

पायवाटांसाठी ओपनस्ट्रीटमॅपला आज पर्याय नाही, असे माझे मत झाले आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची माहिती स्वयंसेवक भरतात आणि ती खुल्या परवान्याखाली कोणालाही वापरता येते; तिच्यावरून यंत्रासाठी तयार केलेले अनेक नकाशे मोफत मिळतात. एकाच माहितीवरून बनलेले हे नकाशे एकमेकांपेक्षा इतके वेगळे का दिसतात याचा उलगडा मूळ माहिती पाहिल्यावर झाला. तिथे वाटेच्या प्रत्येक तुकड्याला अनेक तपशील जोडता येतात : ती पायवाट आहे की गाडीवाट, गाडीवाट असेल तर पाच दर्जांपैकी कोणत्या, पृष्ठभाग कसला, चढाईची कठिणाई किती, वाट जमिनीवर स्पष्ट दिसते की शोधावी लागते. नकाशा बनवणारा यांपैकी काय घ्यायचे आणि काय गाळायचे हे ठरवतो. मी असा नकाशा निवडला, ज्यात ठळक पायवाट तुटक रेषेने आणि अस्पष्ट वाट विरळ ठिपक्यांनी दाखवली आहे. हा एक फरक पडद्यावर दिसणे मला दहा वेगवेगळ्या रंगांच्या जंगलांपेक्षा मोलाचे वाटते, कारण उपग्रहाच्या चित्रावरून घरबसल्या आखलेली एखादी वाट प्रत्यक्षात गुरांची वाट असू शकते आणि ती पहिल्या पाण्याच्या डबक्यापाशी संपते.

दुचाकीसाठी प्रथम मी हाच नकाशा मार्गशोधासाठी तपासून पाहिला. संगणकावर नकाशा उघडून माहितीच्या दोन गावांमधला रस्ता शोधायला सांगितला, तर आलेला मार्ग पाहून हसूच आले : सरळ डांबरी रस्ता सोडून नकाशाने डोंगरकडेच्या मातीच्या वाटा जोडत नेले होते. कारण शोधल्यावर एक महत्त्वाची गोष्ट कळली. यंत्राच्या या नकाशा-रचनेत प्रत्येक रस्त्याला ० ते ४ असा एक दर्जा आणि ० ते ७ असा एक वेग दिलेला असतो आणि मार्ग निवडताना यंत्र याच दोन आकड्यांवर अवलंबून असते. पायी किंवा सायकलने जाणाऱ्यांसाठी नकाशा बनवणारे हे आकडे मुद्दाम फिरवतात, म्हणजे सुंदर पायवाटेला वरचा दर्जा आणि महामार्गाला खालचा. त्यांच्या दृष्टीने ते अगदी योग्य आहे. त्याच नकाशावर दुचाकीचा मार्ग शोधायला सांगणे हेच गैरलागू आहे. एका फाइलमध्ये हे आकडे एकदाच लिहिलेले असतात. ते पायी चालणाऱ्याच्याही सोयीचे आणि दुचाकीस्वाराच्याही सोयीचे असू शकत नाहीत. एका यंत्रात दोन नकाशे ठेवण्याचा निर्णय माझ्यापुरता इथेच झाला.

दुचाकीच्या नकाशासाठी दोन उमेदवार उरले : विकतचा रस्त्यांचा नकाशा आणि ओपनस्ट्रीटमॅपवरून मोटारींसाठी बनवलेला नकाशा. विकतच्या नकाशाची जमेची बाजू म्हणजे पत्ता शोधणे. घर क्रमांकासकट पत्ता टाकला तर तो बहुधा सापडतो, आणि मोफत नकाशात ही सोय पुष्कळ ठिकाणी तोकडी पडते. पण विकत घेताना परवाना नीट वाचावा. आधीच भरलेल्या मेमरी कार्डावर येणारा नकाशा एका यंत्रातून काढून दुसऱ्यात घालता येतो. उतरवून घेतलेला नकाशा सहसा एकाच यंत्राशी बांधलेला असतो आणि यंत्र बदलले की तो निरुपयोगी होतो. मला पत्ते क्वचितच शोधावे लागतात, आडरस्ते मात्र रोज लागतात. आडरस्त्यांच्या बाबतीत मोफत नकाशा माझ्या तपासणीत सरस ठरला.

तपासणीची माझी पद्धत साधी आहे. ज्या भागातला प्रत्येक फाटा मला तोंडपाठ आहे, तिथे मी नकाशाला मुद्दाम अडचणीचे मार्ग विचारतो. पहिला प्रश्न जोडणीचा असतो. पडद्यावर दोन रेषा एकमेकींना मिळालेल्या दिसतात, पण माहितीत त्यांचा सामाईक बिंदू नसेल तर यंत्राच्या दृष्टीने तिथे फाटाच नसतो आणि ते शंभर मीटरच्या उडीऐवजी लांबचा वळसा सांगते. याची लक्षणे ओळखायला सोपी असतात : आखलेला मार्ग एखाद्या फाट्यापाशी येतो, सरळ पुढे जातो आणि दुसऱ्याच बाजूने परत येतो. दुसरा प्रश्न पुलाचा. खालून जाणारा आणि वरून जाणारा रस्ता एकमेकांना छेदतात पण जोडलेले नसतात. नकाशा तिथे वळायला सांगत असेल तर तो बाद. तिसरा प्रश्न कच्च्या रस्त्यांचा. यंत्रात कच्चे रस्ते टाळण्याची सोय असते, पण रस्ता कच्चा आहे हे माहितीत नोंदलेले असले तरच ती चालते. पृष्ठभागाची नोंद नसलेला प्रत्येक रस्ता यंत्र पक्का धरू शकते. हा तपशील माहीत असला की पावसाळी दिवशी संशयाची जागा आधीच हेरून ठेवता येते.

मार्ग आणि मागोवा, म्हणजे रूट आणि ट्रॅक, यांतला फरकही दोन नकाशे बाळगणाऱ्याला पक्का हवा. जीपीएक्स या जीपीएसच्या प्रमाणित फाइलमध्ये साठवलेल्या रूटमध्ये थोडेच बिंदू असतात आणि त्यांच्यामधला रस्ता यंत्र आपल्याजवळच्या नकाशावरून स्वतः काढते. साहजिकच संगणकावर एका नकाशावर आखलेला रूट यंत्रातल्या दुसऱ्या नकाशावर वेगळाच होऊन बसतो. ट्रॅक ही मात्र बिंदूंची दाट माळ असते. नकाशा बदलला, बंद केला किंवा मुळात नसलाच, तरी तिचा आकार बदलत नाही. डोंगरात मी फक्त ट्रॅक नेतो. दुचाकीवर दोन्ही नेतो : वळणाची सूचना मिळावी म्हणून रूट, आणि तो भरकटला तर लगेच लक्षात यावे म्हणून त्याच्याखाली ठळक रंगाचा ट्रॅक. लांबचा रूट छोट्या यंत्राला झेपत नाही, गणना मध्येच अडते. दर चाळीस-पन्नास किलोमीटरवर आपल्याला हव्या त्या रस्त्याच्या मधोमध एक बिंदू टाकला की ती सुरळीत होते. बिंदू फाट्यावर टाकू नये, कारण तो किंचितही आडरस्त्यावर पडला तर यंत्र आत जाऊन परत यायला सांगते. आपोआप पुनर्गणनेची सोय मी बंद ठेवतो.

नकाशे ठरल्यावर ते मेमरी कार्डावर मांडणे हे वेगळे काम आहे. कार्ड फॅट ३२ पद्धतीने तयार केलेले असते आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. म्हणून मोठ्या प्रदेशाचे तुकडे करावे लागतात. जुनी यंत्रे ठरावीक नावाची एकच नकाशा-फाइल ओळखतात, नंतरची यंत्रे योग्य फोल्डरमधल्या निरनिराळ्या नावांच्या फाइली वाचतात. फाइलींना मी प्रदेश, काम आणि महिना असे नाव देतो, नाही तर वर्षभराने कोणती फाइल कोणती हे कळत नाही. वेगवेगळ्या नकाशांच्या सीमेपलीकडे मार्गशोध सहसा चालत नाही, त्यामुळे दुचाकीचा नकाशा तोडायचाच झाला तर आपल्या नेहमीच्या प्रवासाला आडवी जाणार नाही अशा रेषेवर तोडावा.

दोन सविस्तर नकाशे एकाच वेळी सुरू ठेवले तर काय होते हेही पाहिले. प्रत्येक नकाशाला चित्रणाचा एक अग्रक्रम असतो. वरच्या अग्रक्रमाचा अपारदर्शक नकाशा खालच्याला झाकून टाकतो, पण खालचा मार्गशोधात लुडबूड करत राहतो. न दिसणाऱ्या रस्त्यावर वळायला सांगणारे यंत्र गोंधळात टाकते. समोच्च रेषांचा नकाशा मात्र पारदर्शक बनवता येतो आणि तो रस्त्यांच्या नकाशावर झिरझिरीत पदरासारखा पसरतो. या सोयीसाठी मी एमकेजीमॅप ही मोफत संगणक-प्रणाली शिकून घेतली. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती आणि उंचीच्या माहितीवरून काढलेल्या रेषा ती यंत्राच्या रचनेत बदलून देते. मी रस्त्यांचा नकाशा तयारच घेतला आणि वीस मीटर अंतराच्या समोच्च रेषांचा पारदर्शक नकाशा तेवढा स्वतः बनवला. प्रत्येक नकाशाला वेगळा कुल-क्रमांक (फॅमिली आयडी) द्यायला विसरू नये. दोन नकाशांचा क्रमांक एकच असेल तर एकाच्या रंगसंगतीची फाइल दुसऱ्याला लागू होते आणि ओढे तपकिरी व पायवाटा निळ्या असा विलक्षण मुलूख पडद्यावर अवतरतो.

यंत्रात दोन प्रोफाइल, म्हणजे कामानुसार साठवलेल्या दोन मांडण्या, केली. पायी चालण्याच्या प्रोफाइलमध्ये पायवाटांचा नकाशा आणि समोच्च रेषा सुरू, रस्त्यांचा नकाशा बंद, तपशील जास्तीत जास्त, आणि नकाशाची उत्तर दिशा कायम वर, कारण कागदी नकाशाशी पडताळा करणे त्यामुळे सोपे जाते. उंचीचा आकडाही पडद्यावर ठेवतो; हवेच्या दाबावरून उंची सांगणारा वायुदाबमापक सकाळी एखाद्या ज्ञात उंचीवर लावून घेतला, तर दाट झाडीत स्थान डळमळीत झाले असतानाही ‘आपण या ट्रॅकवर कोणत्या समोच्च रेषेपाशी आहोत’ याचे उत्तर मिळते. दुचाकीच्या प्रोफाइलमध्ये रस्त्यांचा नकाशा एकटाच, तपशील कमी, अक्षरे मोठी आणि आपण जाऊ ती दिशा वर. जंगलाचे हिरवे रंग आणि इमारतींच्या आकृत्या तिथे काढून टाकल्यावर पडदा ओका-बोका दिसतो, आणि तसाच तो हवा. प्रोफाइल बदलले की नकाशांची निवडही बदलते. ही सोय आपल्या यंत्रात आहे का, हे घेण्यापूर्वी पाहून घ्यावे, कारण ती नसेल तर प्रत्येक वेळी यादीत जाऊन एकेका नकाशावर खूण करत बसावे लागते.

नकाशे अद्ययावत करण्याबाबत मी थोडा सावध आहे. मोफत नकाशाच्या नव्या आवृत्त्या वरचेवर निघतात, पण नवी म्हणजे चांगलीच असे नसते. एखाद्या उत्साही स्वयंसेवकाने फाटा दुरुस्त करताना जोडणी तोडलेली असू शकते. म्हणून नवी फाइल घातली तरी जुनी कार्डावरच बंद अवस्थेत ठेवतो आणि त्याच ओळखीच्या भागातले तेच अडचणीचे मार्ग नव्या फाइलला पुन्हा विचारतो. चूक सापडली तर मूळ माहितीत दुरुस्ती करतो. ती पुढच्या आवृत्तीत दिसते, हा या नकाशांचा मोठा गुण आहे.

एक मुलूख अजून दोन्ही नकाशांच्या मध्ये पडतो : डांबर संपल्यापासून पायवाट सुरू होईपर्यंतची गाडीवाट. तिथे वेग ताशी पंधरा-वीस किलोमीटरवर येतो आणि रस्ता एवढेच पुरत नाही, तो किती चढतो आणि ओढा कुठे ओलांडतो हेही कळावे लागते. या टप्प्यासाठी मी तिसरे प्रोफाइल केले आहे. त्यात रस्त्यांच्या नकाशावर पारदर्शक समोच्च रेषा सुरू असतात, गाडीवाटांचे पाच दर्जे पाच जाडींच्या रेषांनी दिसतात आणि मार्गशोध पूर्ण बंद असतो. चौथ्या-पाचव्या, म्हणजे सर्वांत कच्च्या, दर्जाची वाट जिथे तीनपेक्षा अधिक समोच्च रेषा अर्ध्या सेंटिमीटरच्या आत कापते, तिथे दुचाकी खालीच लावून पुढचे चालायला धरतो.